मेणातली खुशाली

आजीच्या फणीकरंड्याच्या पेटीत एक पितळी डबी होती. बोटाच्या पेराएवढी उंच, झाकणावरची कमळाची नक्षी घासून पुसट झालेली. तिच्यात मेण असायचं. मधमाशीच्या पोळ्याचं मेण, खोबरेल तेलानं थोडं नरमावलेलं. सकाळी आंघोळ आटोपली की आजी खिडकीतल्या आरशासमोर बसायची, बोटानं घासून घासून ते मेण मऊ करायची, कपाळाच्या मधोमध त्याचा गोल टेकवायची आणि त्या गोलावर कोरडं पिंजर दाबायची. बाहेर सांडलेले कण पदराच्या टोकानं टिपले की झालं. मग चुलीची धग असो, शेतातलं ऊन असो की लग्नघरातली धावपळ असो, दिवेलागणीपर्यंत ते कुंकू जागचं हलायचं नाही.

त्यातली युक्ती मला फार उशिरा कळली. कोरड्या भुकटीला कातडीवर थारा नसतो. घाम आला की ती ओघळते. मेणाला पाणी लागत नाही. ते रंगाचा कण धरून ठेवतं आणि ओल आत येऊ देत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं चित्रकार ज्या भरवशावर माणसांचे चेहरे रंगवत होते, तो भरवसा हाच. फरक एवढाच की त्यांच्या कामात विस्तव होता आणि आजीच्या कामात अंगाची ऊब तेवढी.

विस्तवावरूनच या कलेला नाव पडलं. एन्कॉस्टिक हा शब्द मुळात ग्रीक. अर्थ 'भाजून आत मुरवलेलं'. मेण वितळवायचं, त्यात रंगाची पूड कालवायची, लाकडी फळीवर लावायचं, आणि लावून झाल्यावर त्याला पुन्हा धग दाखवायची. नवख्यांना वाटतं, गरम मेण लावलं म्हणजे चित्र झालं. पण मेण फळीवर टेकतं न टेकतं तोच गोठतं. खालचा थर गार, वरचा थर त्यावर नुसता बसलेला. दोघांची ओळखच होत नाही. वरून धग दिली की वरचा थर पाघळतो, खालच्याची वरवरची साय तेवढी मऊ होते, आणि मग दोन्ही मिळून एक होतात. प्रत्येक थराला हे करायचं. दहा थर असतील तर दहा वेळा.

मेण मुळात स्वस्त वस्तू नव्हे. माणसाला नाही, आणि माशीला तर नाहीच. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात आणि तिचं वय साधारण 12 ते 18 दिवसांचं असताना त्या ऐन भरात असतात. मेण पातळ स्रवतं, हवा लागताच त्याचे पापुद्रे होतात. असे हजारभर पापुद्रे जमले की कुठे एक ग्रॅम भरतं. एक किलो मेण घडवायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा अंदाज सांगतात. आपण पोळं पिळून मध काढतो, उरलेला चोथा गरम पाण्यात उकळून गाळतो आणि वर आलेली पिवळी खपली 'मेण' म्हणून विकतो. त्या खपलीला फुलांचा, धुराचा आणि थोडा ओल्या लाकडाचा वास असतो. रंग घातल्यावरही तो वास जात नाही. एन्कॉस्टिकचं चित्र डोळे मिटून ओळखता येतं, असं मी गमतीनं म्हणते, पण त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

मी हे पहिल्यांदा करून पाहिलं ते स्वयंपाकघरात. बीडाचा जुना तवा, त्यावर वाट्या, वाट्यांत मेण. शुद्ध मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं. रंगकामाला ते ऐंशी-नव्वदीच्या घरात ठेवावं लागतं. त्याच्या पुढे गेलं की धूर धरतं, आणि तो धूर डोळ्यांना झोंबतो, छातीलाही बरा नसतो. मेणात थोडी राळ घालतात. शालवृक्षाच्या कुळातल्या झाडांचा हा डिंक चित्राला कडकपणा देतो आणि जरा चकाकीही. राळ नसेल तर नखानं ओरखडा उठतो. आमच्याकडे धुपासाठी राळेची पुडी होतीच. ब्रश मात्र मी नायलॉनचा घेतला. पहिल्या बुचकळीत त्याचे केस आक्रसून गोळा झाले. दुसरा ब्रश डुकराच्या केसांचा आणला. थरावर थर दिले, निळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर गेरू, आणि धग द्यायचा कंटाळा केला. आठवड्यानं फळी भिंतीवरून खाली पडली आणि गेरूचा अख्खा थर पापडासारखा निघून हातात आला. मागची बाजू इतकी गुळगुळीत, जणू तो पांढऱ्याला कधी चिकटलाच नव्हता. दुसऱ्या खेपेला उलट चूक. भीतीपोटी केस वाळवायच्या यंत्रानं इतकी ऊब दिली की निळा, पांढरा, गेरू सगळे एकमेकांत मिसळून चिखलाच्या रंगाचं तळं झालं. मधली धग साधायला मला दोन महिने लागले. अजूनही दरवेळी साधतेच असं नाही.

जुन्या चित्रकारांनाही या कामाचा वेळखाऊपणा ऐकवला जायचा. रोमन लेखक थोरला प्लिनी यानं आपल्या निसर्गविषयक महाग्रंथात पाउसियास नावाच्या ग्रीक चित्रकाराची गोष्ट सांगितली आहे. सिक्यॉन गावचा हा माणूस ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला, एन्कॉस्टिकमधला पहिला नामांकित. तो लहान लहान चित्रं काढायचा. प्रतिस्पर्ध्यांनी कुजबूज सुरू केली की याची पद्धत संथ, मोठं काम याला झेपत नाही. म्हणून पाउसियासनं एका मुलाचं चित्र एका दिवसात पुरं करून दाखवलं आणि त्या चित्राला नावच पडलं 'एकदिवसाचं'. पण मला या गोष्टीपेक्षा तिच्या शेजारची गोष्ट आवडते. त्याच्याच गावात ग्लिसेरा नावाची फुलांचे हार-गजरे गुंफणारी मुलगी होती. तिच्यावर त्याचं मन बसलं. ती फुलांत जे करी ते तो मेणात करायला बघे; तिच्याशी चढाओढ करता करता त्याला फुलांचे असंख्य प्रकार रंगवता यायला लागले. हार घेऊन बसलेल्या ग्लिसेराचं त्यानं काढलेलं चित्र इतकं गाजलं की त्याची नुसती नक्कल रोमन सरदार लुकुलसनं दोन टॅलेंट मोजून विकत घेतली. तिची फुलं संध्याकाळपर्यंत कोमेजत असणार. त्याची मेणात राहिली. पण ती मेणातली फुलंही आज नाहीत; पाउसियासचं एकही चित्र उरलेलं नाही. ग्रीसमधली ओल, आगी, लढाया, लूट यांतून लाकडी फळ्या वाचल्या नाहीत.

वाचल्या त्या इजिप्तमधल्या, आणि त्याही वाळूत पुरल्या गेल्या म्हणून.

कैरोच्या नैऋत्येला फायूम नावाचा एक हिरवा, सखल टापू आहे. एक तळं, कालवे, शेतं आणि भोवती वाळवंट. सिकंदरानंतरच्या ग्रीक राजांनी तिथे आपले सैनिक जमिनी देऊन वसवले. पुढे रोमची सत्ता आली. तेव्हा तिथल्या सुखवस्तू घरांत नावं ग्रीक, केशरचना रोमची चालू फॅशन पाहून केलेली, आणि मेल्यावर देहाची व्यवस्था इजिप्तची, म्हणजे मसाले भरून ममी. पूर्वीच्या ममीवर ठोकळेबाज मुखवटा असायचा. इथे मात्र पट्ट्यांमध्ये चेहऱ्याच्या जागी एक पातळ फळी खोवलेली असायची आणि फळीवर त्या माणसाचं चित्र. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली अशी सुमारे हजारेक चित्रं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सगळीच मेणातली नव्हेत. काही पाण्यात कालवलेल्या रंगांची. पण जी मेणातली आहेत त्यांच्यासमोर उभं राहिलं की पाय हलत नाही. पार्श्वभूमी आणि कपडे ब्रशानं लांब फटकाऱ्यांत केलेले. गालावर, नाकाच्या शेंड्यावर मात्र मेणाचे जाड, आखूड, वाकडेतिकडे ओघ दिसतात. तिथे तापवलेल्या धातूच्या हत्यारानं मेण ओढलेलं असतं. डोळ्याच्या बुबुळात पांढऱ्याचा एक ठिपका. तेवढ्या एका ठिपक्यावर अख्खं माणूस जागं होतं.

या चित्रांसाठी माल जमवण्याची पद्धतही मला त्या चेहऱ्यांइतकीच बोलकी वाटते. फळी बहुतेकदा लिंडेन वृक्षाची. हे झाड इजिप्तमध्ये होत नाही, ते बाहेरून आणलेलं. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात हेराक्लेइदेस नावाच्या तरुणाची ममी आहे, शेंदरी कफनात गुंडाळलेली. त्या शेंदराची तपासणी झाली तेव्हा त्यातलं शिसं स्पेनमधल्या रिओ तिंतोच्या खाणीपर्यंत जाऊन पोचलं. तोच शेंदूर, जो आपण तेलात कालवून मारुतीला लावतो. इजिप्तमधल्या एका घरात पोरगा गेला, आणि त्याला गुंडाळायला समुद्राच्या त्या टोकाचा रंग आला.

याच फायूममधल्या फिलाडेल्फिया गावात दुसऱ्या शतकात एक पत्र येऊन पडलं. पाठवणारा आपियोन, नुकताच रोमन आरमारात भरती झालेला पोरगा. तो इटलीत नेपल्सजवळच्या मिसेनुम बंदरातून बापाला लिहितो. बापाचं नाव एपिमाखोस. पपायरसवरचं ते पत्र आज बर्लिनमध्ये आहे. मजकूर असा: सर्वांत आधी तुम्ही सगळे बरे असाल अशी प्रार्थना, समुद्रात जीव धोक्यात होता, सेरापिस देवानं वाचवलं, इथे पोचल्यावर प्रवासखर्चाची तीन सोन्याची नाणी मिळाली, माझं सगळं ठीक आहे. मग तो बापाकडे एक पत्र मागतो आणि का मागतो तेही क्रमानं सांगतो. आधी तुमची खुशाली कळावी म्हणून, मग भावंडांची, आणि तिसरं म्हणजे तुमच्या हस्ताक्षराला वंदन करता यावं म्हणून, कारण तुम्ही मला चांगलं शिकवलंत. जाता जाता कळवतो की फौजेत आता माझं नाव अँटोनियस मॅक्सिमस. आणि एक वाक्य असं की, युक्तेमोनच्या हाती माझं लहानसं चित्र पाठवलं आहे.

मराठी घरात ज्यांनी पोस्टकार्डं वाचली आहेत त्यांना हे पत्र परकं वाटणार नाही. 'तीर्थरूप' ते 'लहानथोरांस यथायोग्य' या सगळ्या पायऱ्या त्यात आहेत. मला नवल वाटतं ते चित्राचं. 'माझं ठीक आहे' असं लिहून भागलं नसतं? भागत नाही. लिहिणारा 'सर्व क्षेम' लिहितच असतो, ताप अंगात असला तरी. आईबापांना पोराचा चेहरा बघून ठरवायचं असतं. गाल बसले आहेत का, डोळे कसे आहेत. गावी आलेल्या मुलाला उंबऱ्यातच 'वाळलास रे' म्हणणारी आई शब्दांवर विश्वास ठेवत नाही, चेहऱ्यावर ठेवते. आपियोनचं चित्र उरलं नाही. पण त्याच मुलखात हजार चेहरे उरले, आणि ते बघताना आपणही नकळत तेच करायला लागतो: हा बरा होता का?

उत्तर चटकन मिळतं आणि ते फसवं असतं. फायूमचे बहुतेक चेहरे तरुण, भरलेले, तुकतुकीत. मग त्या काळच्या खानेसुमारीच्या पपायरसांवरून काढलेला हिशेब समोर येतो: रोमन इजिप्तमध्ये जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान 22 ते 25 वर्षांच्या आसपास. बालमृत्यूंमुळे हा आकडा इतका खाली येतो हे खरं, पण चेहरे तरुण आहेत ते चित्रकारानं खुशामत केली म्हणून नव्हे. माणसं तरुणपणीच मरत होती म्हणून. ज्या ममींची क्ष-किरणांनी तपासणी झाली त्यांतल्या पुष्कळांचं वय चित्रातल्या वयाशी जुळतं. काही चित्रं आधी घरात भिंतीवर असावीत असाही अंदाज आहे. फायूममधल्या हवाराला खणताना ब्रिटिश संशोधक फ्लिंडर्स पेट्री याला चौकटीत बसवलेलं एक चित्र सापडलं होतं, आणि ममीवरच्या अनेक फळ्यांचे वरचे कोपरे पट्ट्यांत बसावेत म्हणून कापलेले दिसतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात यातलंच एक चित्र आहे, साधारण 190 ते 210 सालातलं. मिसरूड फुटलेला तरुण. त्याच्या एका डोळ्यापाशी शस्त्रक्रियेचा छेद आहे. कुणा वैद्यानं तिथे पातं चालवलं होतं आणि चित्रकारानं ते मेणात जसंच्या तसं उतरवलं. मी या चित्राचा फोटो किती वेळा पाहिला असेन याला हिशेब नाही. मेणाच्या कामात डाग लपवणं सगळ्यात सोपं. एकदा गरम हत्यार फिरवलं की डोळा दुसऱ्या डोळ्यासारखा. पैसे देणाऱ्या आईबापांनी सांगितलं असतं तर त्यानं तसं केलंही असतं. तसं झालेलं नाही. ज्यांनी तो मुलगा वाढवला त्यांना तो छेदासकट हवा होता. दोन्ही डोळे सारखे असलेला मुलगा त्यांच्या ओळखीचा नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1946 मध्ये स्वीकारलेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या आहे: संपूर्ण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य, नुसता रोगाचा अभाव नव्हे. व्याख्या उदार आहे, पण त्यातल्या 'संपूर्ण' या शब्दानं पृथ्वीवर निरोगी माणूस शिल्लक राहत नाही. मराठीत आपण 'बरं आहे' म्हणतो. 'बरं' हा शब्द मला जास्त खरा वाटतो. तो चांगल्याच्या एक पायरी खाली उभा राहतो. आजारातून उठलेल्यालाही तो लागतो, कसंबसं निभावणाऱ्यालाही. छेद असलेल्या डोळ्याचा मुलगा त्या अर्थानं बरा दिसतो.

या चेहऱ्यांशी आपल्या मुलखाचा एक धागा आहे, आणि तो विचित्र आहे. 1615 मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा रोमन उमराव इजिप्तमध्ये फिरत होता. सक्काराला त्यानं चित्रं असलेल्या दोन ममी विकत घेतल्या. युरोपात पोचलेली ही अशी पहिली चित्रं, आज ती ड्रेस्डेनमध्ये आहेत. पुढे बगदादला त्यानं मआनी नावाच्या मुलीशी लग्न केलं, दोघं इराणात हिंडले, आणि 1621 च्या अखेरीस होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ ती तापानं गेली. त्यानं तिचा देह मसाल्यांत राखून पेटीत बंद केला आणि ती पेटी बरोबर घेतली. 1623 मध्ये तो सुरतेला उतरला, तिथून गोव्याला आला, कर्नाटकातल्या इक्केरीपर्यंत जाऊन आला. प्रवासाची त्याची पत्रं गोव्याच्या मिरवणुका, देवळं, नारळ, पालख्या यांनी भरलेली आहेत. हा माणूस सगळं डोळे उघडे ठेवून पाहत होता. आणि सामानात ती पेटी होती. 1626 मध्ये तो रोमला परतला आणि तिथे घराण्याच्या दफनस्थानी त्यानं तिला मूठमाती दिली. ज्याचं पहिलं कुतूहल परक्या बाईच्या ममीवरचा चेहरा होतं, त्याच्याकडे आपल्या बायकोचा देह होता. चेहरा मात्र जपता आला नाही.

मेण आणि मन यांची सांगड ग्रीकांनी आधीच घातली होती. प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की समजा, प्रत्येकाच्या मनात मेणाची एक वडी आहे; आपण पाहतो-ऐकतो त्याचा तिच्यावर ठसा उमटतो. कुणाचं मेण खोल, मळलेलं, बेताचं मऊ. कुणाचं पाणीदार, ठसा लवकर उठतो आणि लवकर विरतो. कुणाचं कडक, त्यावर ठसा उठतो तोच उथळ. कुणाच्या मेणात माती-कचरा. ज्यांनी लहान मुलं आणि म्हातारी माणसं एकाच घरात सांभाळली आहेत त्यांना हे वर्गीकरण समजावून सांगावं लागणार नाही. गंमत म्हणजे पुढच्या काही पानांत सॉक्रेटिस ही उपमा स्वतःच मोडीत काढतो, कारण पाच आणि सात मिळून अकरा म्हणणाऱ्याची चूक मेणानं समजावता येत नाही. पण त्यानं टाकलेली उपमा लोकांनी उचलली. मला तिच्यात एक उणीव दिसते. सॉक्रेटिसच्या मेणावर ठसा एकदा उठतो आणि मग फक्त टिकतो किंवा पुसतो. चित्रकाराचं मेण पुन्हा तापवता येतं. खालचा ठसा न मोडता वरचा त्याला जोडता येतो. धग बेताची असेल तर.

सहाव्या शतकापर्यंत ही कला ख्रिस्ती मूर्तिचित्रांत टिकली. सिनाई वाळवंटातल्या सेंट कॅथरीन मठात ख्रिस्ताचं जे प्रसिद्ध चित्र आहे ते मेणातलं. त्याच्या चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एक शांत, दुसरी कठोर. पुढे मेण मागे पडलं, अंड्याच्या बलकातल्या रंगांनी जागा घेतली आणि मग तेलरंगांनी. अठराव्या शतकात पाँपेईच्या खोदकामानंतर फ्रेंच पंडितांनी प्लिनीची पोथी समोर ठेवून कृती शोधायचा उद्योग केला, त्यावरून भांडले, आणि एवढं करून कलेचं फारसं भलं झालं नाही. विजेच्या शेगड्या आल्या तेव्हा काम सोपं झालं. 1954-55 मध्ये जॅस्पर जॉन्स या तरुण अमेरिकी चित्रकारानं वर्तमानपत्राच्या कात्रणांवर मेण चढवून अमेरिकेचा झेंडा रंगवला. साधा रंग वाळायची वाट बघवेना, मेण चटकन गोठतं आणि प्रत्येक फटकारा वेगळा राहतो, म्हणून मेण. त्या एका चित्रानं या माध्यमाला पुन्हा लोक विचारायला लागले.

आता एन्कॉस्टिकच्या कार्यशाळा मनःशांतीच्या नावानं भरतात. मेण वितळवा, ताण वितळवा, अशा धर्तीची जाहिरात असते. मी जरा सावधपणे बघते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात 2016 साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो. (ते विद्यापीठ आहे फिलाडेल्फियात, आपियोनच्या गावाचंच नाव.) 39 प्रौढांना 45 मिनिटं माती, कागदांची कात्रणं, रंगीत पेनं असं काहीही घेऊन बसवलं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाबरोबर वाढणारं संप्रेरक, आधी आणि नंतर मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांचं ते खाली आलं. कलेचा सराव असलेले आणि नसलेले यांत फरक पडला नाही. बातम्यांत एवढंच येतं. उरलेल्यांचं खाली आलं नाही हे येत नाही, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता हेही येत नाही. माझं कॉर्टिसॉल गेरूचा थर हातात आला त्या दिवशी नक्की चढलं असणार. तरी मी दुसऱ्या दिवशी तवा तापवला. का, ते लाळेत सापडेल असं वाटत नाही.

काही महिन्यांनी मेणचित्रावर पांढुरकी धुरकट साय धरते, विशेषतः थंडीत. मेणातलेच काही घटक वर येतात. घाबरायचं कारण नसतं. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं हलक्या हातानं घासलं की खालचा रंग परत दिसतो. जपायचं ते उन्हापासून. नागपुरात मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या सीटवर एन्कॉस्टिकचं चित्र ठेवून जेवायला जाऊ नये.

मी वापरते तो लुगड्याचा तुकडा आजीचा आहे. तिची डबीही माझ्याकडेच आहे. आजोबा गेले त्या दिवशी तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलं गेलं आणि ती डबी फणीकरंड्याच्या तळाशी गेली. बाईच्या खुशालीची ती खूण तिच्या स्वतःच्या प्रकृतीवर कधी अवलंबून नव्हतीच. आजी त्यानंतर एकोणीस वर्षं जगली, चांगली हिंडतीफिरती, नाटकांना जाणारी, आणि तिच्या कपाळावर तिच्या बरं असण्याची नोंद करायची सोय नव्हती. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की गावात नवऱ्याच्या मरणानंतर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मग राज्य सरकारनंही तसं परिपत्रक काढलं. तोवर आजी नव्हती. डबीतल्या मेणात तिच्या बोटाचा खळगा अजून आहे, कडेला पिंजराचे चार कण रुतलेले. मी ते वितळवलेलं नाही, आणि भावनेपोटी नव्हे. त्यात खोबरेल आहे, चित्रात ते कधीच नीट गोठणार नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आर्तेमिदोरोस नावाच्या तरुणाची ममी आहे. पेट्रीला ती 1888 मध्ये हवाराला मिळाली. काळ साधारण इसवी सन 100 ते 120. चेहरा मेणातला, डोक्यावर सोनेरी पानांचा मुकुट, देहाचं वेष्टण शेंदरी, त्यावर सोन्याच्या वर्खात इजिप्तचे देव. छातीवर ग्रीक अक्षरांत दोन शब्द, तेही सोन्याचे: 'आर्तेमिदोरे, एउप्सिखी'. दुसऱ्या शब्दाचं भाषांतर सहसा 'निरोप' असं करतात. पण त्याचा सरळ अर्थ आहे, जिवानं बरा राहा. मेलेल्या मुलाला सांगितलेलं. आणि तो शब्द चुकला आहे. शेवटी 'एइ' हवं तिथे कारागिरानं कानाला ऐकू आलं तसं नुसतं 'इ' लिहिलं. एवढा वर्ख, एवढा खर्च, आणि ते तसंच राहिलं.

आजीच्या पोस्टकार्डांवर 'खुशाल' नेहमी 'खुषाल' असायचं. बाबा ती आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत. ते स्वतः शाळेत मराठीच शिकवायचे.